उद्या सकाळी मला कोण उठवणार?

ताई,
मी ३१ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी अपघातात मानेच्या सहाव्या मणक्याजवळ मज्जारज्जूला मार बसला. खांदे आणि मनगटं चालतात, बोटं चालत नाहीत, छातीखाली काही कळत नाही. आजवर माझं सगळं आईने केलं. आता तिचा खांदा गेलाय आणि डॉक्टरांनी तिला मला उचलायची बंदी केली आहे. दोन महिन्यांपूर्वी एक मदतनीस ठेवली. बाई कष्टाळू आहे, पण रोज उशिरा येते, मला उचलताना खांद्याशी फोन धरून बोलत असते, आणि माझं काहीही आईलाच विचारते. ‘हिला आज आंघोळ घालायची का?’ मी तिथेच असते. मला राग येतो, पण मी बोलत नाही. बोलले आणि ती सोडून गेली, तर उद्या सकाळी मला कोण उठवणार? तिला काढून टाकू का? की मीच जास्त अपेक्षा करतेय?
– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

तू दोन प्रश्न शेवटी विचारलेस, पण खरा प्रश्न त्यांच्या आधीच्या ओळीत आहे. उद्या सकाळी मला कोण उठवणार? मानेची दुखापत घेऊन मला आता एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत अकरा जणींनी माझ्याकडे काम केलं, आणि या एका प्रश्नाने मला कितीतरी वेळा गप्प बसवलंय. म्हणून आधी त्याचंच बोलते.

लोक तुला सांगतील, धीट हो, स्पष्ट बोल. जिच्या हातात आपलं उठणं-बसणं आहे तिच्यापुढे नुसता धीटपणा फार वेळ टिकत नाही, हे मी अनुभवाने सांगते. तू गप्प बसतेस कारण तुझ्याकडे दुसरं माणूस नाही. ते मिळालं की तुझा आवाज तुझा तुलाच वेगळा वाटायला लागेल.

सुरुवातीची तीन वर्षं माझ्याकडे एकच मदतनीस होती. एकदा घरातले सगळे परगावी गेले होते आणि त्या सकाळी ती आलीच नाही. माझा फोन टेबलावर, पलंगापासून चार हातांवर. तो वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. दुपारी एकच्या सुमारास शेजारीण सहज डोकावली, तेव्हा मी रात्रीपासून त्याच कुशीवर होते, लघवीची पिशवी तट्ट भरलेली आणि डोकं असं ठणकत होतं की डोळे उघडवेनात. शेजारणीने आयुष्यात कधी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, पाहिला नव्हता. पण काय करायचं ते मला सांगता येत होतं. मी सांगत गेले, ती करत गेली. पाठीमागे उशा लावून मला बसतं केलं, पिशवी रिकामी केली, नळीचा पीळ काढला. थोड्या वेळात डोकं उतरलं. मग तिने फोन आणून दिला. सकाळपासून मदतनीसच फोन करत होती. तिच्या मुलाला रात्री ताप भरला होता.

चूक तिची नव्हती. अख्खं आयुष्य एका माणसाच्या येण्यावर टांगून ठेवलं होतं ते मी. त्या दिवसानंतर मी तीन गोष्टी बदलल्या आणि त्या आजही तशाच आहेत. आठवड्याचे पाच दिवस एक बाई येते, दोन दिवस दुसरी. तिसरी एक बदली आहे, जी एरवी दुसरीकडे काम करते, पण कोणाचा खाडा झाला तर येते. या बदलीला मी महिन्यातून एक सकाळ पैसे देऊन बोलावते आणि सगळं काम पहिल्यापासून करायला लावते. नाहीतर ऐन वेळी तिला आठवत नाही की माझा कोणता पाय आखडतो. शेजारी किल्ली ठेवली आहे. आणि रात्री फोन उशाशी, जिथे मनगटाने ओढता येईल तिथे असतो.

तुझ्या परिस्थितीत एवढं एकदम जमणार नाही, मला कल्पना आहे. पैसे लागतात आणि माणसं सहज मिळत नाहीत. पण दुसरी बाई पूर्ण दोन दिवसांसाठी नको, एका सकाळीपुरती मिळाली तरी फरक पडतो. आठवड्यातली एक सकाळ दुसऱ्या हातांनी पार पडली की भीतीची धार बोथट होते.

आता ‘जास्त अपेक्षा’चं. तू वेळेवर येणं मागतेस, अंगाला हात लावताना लक्ष मागतेस आणि तुझ्याबद्दलचा प्रश्न तुला विचारावा असं म्हणतेस. यातलं एकही जास्त नाही. तुझ्याआधी बऱ्याच जणांनी हे भांडून मिळवलंय. अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स नावाच्या मुलाला १९५३ साली चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, गळ्याखालचं शरीर जवळजवळ निकामी झालं आणि श्वासासाठी त्याला लोखंडी फुप्फुस म्हणतात त्या यंत्रात झोपावं लागे. १९६२ मध्ये तो बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला तेव्हा ते यंत्र मावेल असं वसतिगृह नव्हतं, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयातच त्याला खोली दिली. त्याच्यामागून आणखी विद्यार्थी आले. ते आपले मदतनीस आपण निवडायचे, आपण शिकवायचे आणि काम जमलं नाही तर आपणच काढायचे. त्यातूनच १९७२ मध्ये बर्कलीत अपंगांनी स्वतः चालवलेलं स्वावलंबी जीवन केंद्र उभं राहिलं. पुढे स्वीडनमध्ये आडोल्फ राट्स्का या पोलिओग्रस्त माणसाने आपल्यासारख्यांची सहकारी संस्था काढली आणि १९९४ पासून तिथे स्वतःचा मदतनीस मिळणं हा कायद्याने हक्क झाला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातल्या १९व्या कलमात व्यक्तिगत मदतनीसाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि २०१७ मध्ये त्या कलमाचा अर्थ उलगडताना करारावर लक्ष ठेवणाऱ्या समितीने म्हटलं की या मदतीचा ताबा ती घेणाऱ्याकडेच असला पाहिजे. हे सगळं सांगितलं ते अशासाठी, की ‘हिला आंघोळ घालायची का’ हे वाक्य तुला बोचतं त्याला कारण आहे. तो तुझा नाजूकपणा नाही.

मात्र ताबा आपल्याकडे हवा असेल तर काम काय आहे ते आपल्याला नेमकं सांगता आलं पाहिजे. इथे आपण बहुतेक जणी कमी पडतो, कारण आजवर ते आईला न सांगता कळत होतं. एक आठवडा तुझ्या दिवसाची नोंद कर, फोनवर बोलून केलीस तरी चालेल. जाग किती वाजता, कॅथेटरला किती मिनिटं, शौचाला किती, आंघोळ, कपडे, पलंगावरून खुर्चीत. आईला विचारशील तर ती म्हणेल अर्धा-पाऊण तास. घड्याळ लावून बघ. माझी सकाळ दोन तास वीस मिनिटांची निघाली, त्यात शौचाचा कार्यक्रमच पन्नास मिनिटांचा. मी बाईला दीड तासासाठी ठेवलं होतं आणि ती घाई करते म्हणून तिच्यावर चिडत होते! तुझी बाई उशिरा येते म्हणतेस, तेव्हा तिला दिलेला वेळ मुळात कामाला पुरतो का, हेही एकदा तपासून बघ.

ही नोंद हातात असली की दुसरी बाई शोधणं सोपं जातं. तिच्याशी बोलणं तूच कर. आईला त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसायला सांग, अवघड वाटलं तरी सांग. सगळ्यात नकोसं वाटणारं काम सगळ्यात आधी बोलून टाक, गोल-गोल नको: ‘मला रोज शौचाला मदत लागते, हातमोजे घालून बोटाने करावी लागते, तुम्हाला जमेल का?’ जिला जमणार नाही ती तिथेच नाही म्हणेल, आणि तसं म्हणणारीचं वाईट वाटून घेऊ नकोस. महिनाभराने सोडून जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं. मग बघ ती बोलताना कोणाकडे बघते. ‘मला सगळं येतं, मी दहा वर्षं हेच करते’ असं म्हणणाऱ्या बाईपेक्षा ‘तुम्हाला कसं लागतं?’ असं विचारणारी मला नेहमी जास्त लाभली. अनुभवी हातांना आधीच्या घरची सवय असते, आणि ती मोडायला नवं शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मी एक प्रश्न हटकून विचारते. मी सांगितलेलं तुम्हाला चुकीचं वाटलं तर काय कराल? ‘तुम्हाला विचारेन’ हे उत्तर मला पुरतं. ओळखपत्राची प्रत घे, आधी काम केलेल्या घरी स्वतः फोन कर आणि पहिला दिवस चाचणीचा ठेव. त्या दिवसाचेही पैसे दे.

ठरलेलं सगळं एका कागदावर लिही. वेळ, काम, पगाराची तारीख, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, काम सोडताना किंवा सोडवताना दोघींनी किती दिवस आधी सांगायचं. तिचं काम काय नाही तेही लिही. हे तुझ्या घरासाठी फार महत्त्वाचं आहे. बाई घरात आली की हळूहळू सगळ्या घराचे कपडे आणि भांडी तिच्या गळ्यात पडतात आणि मग ती तुझ्या वेळेत दमलेली असते. तिला मावशी म्हण, जे मनाला येईल ते म्हण. पण मावशी म्हटलं की सुट्टी मागताना तिला संकोच होतो आणि काम सांगताना आपल्याला. त्या कागदाने हे दोन्ही संकोच बरेच कमी होतात.

आता शिकवण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुझं पुढचं सगळं यावर आहे. तुझ्या शरीराचं प्रशिक्षण कुठल्याच नर्सिंगच्या वर्गात मिळत नाही, ते तुलाच द्यावं लागतं, आणि तुझ्याकडे त्यासाठी हात नाहीत, आवाज आहे. मी पहिल्या वर्षी ‘नीट धर’, ‘सांभाळून’, ‘असं नको’ एवढंच म्हणायचे. या तीन शब्दांतून समोरच्याला काहीही कळत नाही. आता मी असं बोलते: ‘आधी दोन्ही ब्रेक. आता पलंगाकडचा हात-टेका काढ. पायपट्टी बाजूला कर. माझे तळवे जमिनीला लागलेत का बघ. फळी मांडीखाली सरकव. काखेत हात घालू नकोस, कमरेचा पट्टा धर. तीन म्हटल्यावर.’ कृतीच्या आधी एकेक वाक्य. हे दोन आठवडे रोज करायचं, बाईला पाठ झालंय असं वाटलं तरी करायचं. तुझ्या तोंडून तुझ्या शरीराचा हुकूम तिला रोज ऐकू आला की ‘हिला आंघोळ घालायची का’ हा प्रश्न आईकडे जाणं बहुतेक आपोआप थांबतं. उचलण्याच्या वेळी फोन असणंही थांबतं, कारण तीन म्हटल्यावर तिला ऐकू यावं लागतं.

आणि प्रत्येक गोष्टीचं कारण सांग. पलंगावर दर दोन तासांनी कूस का बदलायची, खुर्चीत दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे वाकवून बुडावरचा भार का कमी करायचा, हे कळलं नाही तर तिला ती तुझी कटकट वाटते. तिला एकदा दाखव: माकडहाडापाशी किंवा टाचेवर लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक. लालच राहिला तर ती जखमेची सुरुवात, आणि त्या जागेवर तो डाग जाईपर्यंत अजिबात भार नको. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का. हे समजल्यापासून माझ्या एका बाईने स्वतःहून रोज रात्री आरसा धरून मला दाखवायला सुरुवात केली. आंघोळीच्या पाण्याचंही तसंच. चटका तुला कळणार नाही, म्हणून पाणी तिच्या कोपराने तपासायचं, आणि अंगावर नळ कधीच थेट सोडायचा नाही.

एक गोष्ट मात्र भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावच. माझं डोकं त्या दिवशी का ठणकत होतं ते तुला कळलं असेल. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर मार बसलेल्यांना होणारी ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. लघवी तुंबली, नळीला पीळ पडला, शौच साठलं, अगदी नख रुतलं तरी शरीर ओरडतं आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. ठणका, चेहरा लाल, मानेवर घाम, खाली अंग गार. बाईला काय करायचं ते पाठ हवं. आधी सरळ बसवायचं, आडवं अजिबात करायचं नाही. घट्ट कपडे, पट्टे, मोजे सैल. मग नळी आणि पिशवी तपासायची. काही मिनिटांत उतरलं नाही तर थेट रुग्णालय. आपल्यासारख्यांचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० च्या आसपास असतो, त्यामुळे १४० म्हणजे आपल्याला चढलेलाच असतो, पण आपली सवय नसलेला डॉक्टर तो बघून ‘ठीक आहे’ म्हणू शकतो. तुझा नेहमीचा आकडा त्या कागदावर लिहून ठेव, म्हणजे बाई तो सोबत नेऊन दाखवू शकेल.

तुझ्या आत्ताच्या बाईशी बोलायचं ते कधी? उचललेलं असताना कधीही नाही. तिच्या हातांत आपलं वजन असताना केलेली तक्रार दोघींनाही धोक्याची. आंघोळ झाली, कपडे झाले, तू खुर्चीत बसलीस, ब्रेक लागले, मग तिला समोर बसव आणि बोल. एका वेळी एकच गोष्ट. आधी फोनची, कारण तिथे पडण्याचा धोका आहे: ‘मला उचलताना फोन बाजूच्या खोलीत ठेवायचा. घरून तातडीचा आला तर आधी मला खुर्चीत बसवून मग घ्यायचा.’ उशिराबद्दल सांगण्याआधी विचार, उशीर कशाने होतो. एकीला सकाळी मुलीला शाळेत सोडायचं असायचं आणि ती मला सांगायला घाबरत होती. आम्ही वेळ वीस मिनिटांनी पुढे ढकलली आणि नंतर ती एकदाही उशिरा आली नाही. मी मात्र त्याआधी तीन आठवडे राग साठवला होता आणि एक दिवस सगळं एकदम बोलले होते. ती रडली. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं आम्ही बसतो, आधी ती बोलते, मग मी.

आईशीही बोलावं लागेल, आणि ते बाईशी बोलण्याहून जड आहे. बाई आईला विचारते आणि आई उत्तर देते, म्हणून बाई पुन्हा आईलाच विचारते. आईला इतकंच सांग की पुढच्या वेळी तिने म्हणावं, ‘तिलाच विचारा.’ सहा वर्षं तिने तुझं सगळं केलंय. दुसऱ्या बाईचे हात तुझ्या अंगावर बघताना तिच्या मनात काय होत असेल, त्याला तू हळुवार जागा दे. माझी आई पहिले काही महिने बाईच्या मागे उभी राहून सूचना करायची. मग आम्ही ठरवलं की सकाळच्या त्या दोन तासांत ती फिरायला जाईल. काही आठवड्यांनी ती मला फिरताना भेटलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायला लागली, आणि खूप वर्षांनी आमच्या बोलण्यात माझं शरीर सोडून दुसरा विषय आला.

काही गोष्टींना मात्र बोलणी नाहीत, दुसरी संधी नाही. मारणं, मुद्दाम दुखवणं, नको तसा स्पर्श, तुझे उघडे फोटो किंवा व्हिडिओ काढणं, पैसे काढून घेणं, ‘तशीच सोडून जाईन हां’ अशी धमकी. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी काम बंद, मग बदली मिळो न मिळो, घरात एक दिवस हाल झाले तरी चालतील. अशा वेळी सांगायला घराबाहेरचं एक माणूस आधीच ठरवून ठेव, जिच्याशी आठवड्यातून एकदा एकटीने बोलशील. नुसता संशय आणि पुरावा नाही, अशा वेळी आरोप करू नकोस. पैसे आणि कार्ड सुरुवातीपासून नजरेआड ठेव.

आणि तिची पाठ. आईचा खांदा कशाने गेला ते तू पाहिलंस. तुझी बाईही रोज तुला उचलते. सरकफळी, कमरेचा पट्टा, जमलं तर पुढे उचलयंत्र, हे तिच्यासाठी घे. ताप-सर्दी असेल त्या दिवशी तिला येऊ देऊ नकोस, आणि त्या दिवसाचे पैसे कापू नकोस. कापलेस तर ती पुढच्या वेळी ताप लपवून येईल, आणि छातीचे स्नायू दुबळे असताना आपल्याला सर्दीसुद्धा महागात पडते. पगार ठरल्या तारखेला दे. उचल मागितली तर देता येईल तेवढीच दे आणि दोघींसमोर वहीत लिही.

तर, काढून टाकू का? आत्ता नको. बाई कष्टाळू आहे हे तू स्वतःच लिहिलंस, आणि दोन महिन्यांत तिला कोणी नीट सांगितलेलंच नाही. या आठवड्यात फोनचं बोल. पुढच्या आठवड्यात उशिराचं. दरम्यान एका सकाळीपुरती दुसरी बाई शोधायला लाग. महिन्याभराने, दुसरी बाई एकदा येऊन गेल्यावर, पहिलीला ठेवायचं की नाही ते ठरव. तोवर तुला दिसेल की ती ऐकते की नाही.

आज रात्री झोपण्याआधी फोन उशाशी ठेवून घे, आणि मनगटाने ओढता येतो का ते एकदा करून बघ.

तुझी,
ताई